बारा चिठ्ठ्यांपासून सुरुवात करा: मानसशास्त्राच्या संशोधनासाठी संख्याशास्त्र

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालंय, शाळेनंतर गणिताशी संबंध उरलेला नाही, आणि वर्षभरात स्वतःचं छोटं संशोधन करायचंय. त्यासाठी संख्याशास्त्र किती लागेल, कोणत्या क्रमानं शिकायचं, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, आणि ‘कधी कोणती टेस्ट लावायची’ हा तक्ता पाठ कसा करायचा?

तक्ता पाठ करू नका. इतकी वर्षं शिकवताना आणि इतरांच्या डेटावर काम करताना मी पाहिलंय, की तक्ता पाठ असलेला विद्यार्थी परीक्षेत पास होतो आणि स्वतःच्या डेटासमोर बसला की गोठतो. तक्ता विचारतो, ‘गट किती? चल (व्हेरिएबल, म्हणजे मोजायच्या गोष्टी) कोणत्या प्रकारचे?’ संशोधनात आधी वेगळाच प्रश्न पडायला हवा: मी हीच माणसं घेतली म्हणून हा आकडा आला, दुसरी माणसं घेतली असती तर किती आला असता? पहिल्या वर्षाचं जवळजवळ सगळं संख्याशास्त्र या एका प्रश्नाभोवती उभं आहे.

गणिताची भीती आधी मिटवू. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ आणि आलेख वाचता येणं, एवढ्यावर काम भागतं. वर्गमूळ तर मोबाईल काढून देतो. विद्यार्थी आकडेमोडीत क्वचितच अडतात. ‘समोर दिसणारा आकडा वेगळाही येऊ शकला असता’ ही गोष्ट सतत मनात धरून ठेवणं त्यांना जड जातं, आणि ती सवय सूत्रं घोकून लागत नाही. हातानं करून लागते.

म्हणून पहिला आठवडा संगणक बंद ठेवा आणि बारा चिठ्ठ्या करा. एक कल्पित प्रयोग घेऊ. वीस शब्दांची यादी सहा जणांनी शांततेत पाठ केली आणि दुसऱ्या सहा जणांनी गाणी ऐकत. शांततेतल्यांना आठवलेले शब्द: १४, ११, १६, १२, १५, १३. गाण्यांच्या गटाचे: १०, १३, ९, १२, ११, १४. पहिल्या गटाची सरासरी १३.५, दुसऱ्याची ११.५. फरक दोन शब्दांचा. पाहताक्षणी वाटतं, शांततेचा फायदा झाला.

आता हे बारा आकडे बारा चिठ्ठ्यांवर लिहा, पिसून घ्या आणि डोळे झाकून सहा-सहाचे दोन गठ्ठे करा. दोन्हींच्या सरासरीतला फरक वहीत लिहा. पुन्हा पिसा, पुन्हा लिहा. असं पन्नास वेळा करा. या गठ्ठ्यांचा शांततेशी किंवा गाण्यांशी काही संबंध उरलेला नाही, तरी फरक येतच राहतो. कधी ०.३, कधी १, अधूनमधून २ किंवा त्याहूनही जास्त. बारा चिठ्ठ्यांतून सहा निवडण्याचे एकूण ९२४ मार्ग आहेत आणि त्यांपैकी १२० मार्गांत फरक, कोणत्याही बाजूला का होईना, दोन किंवा दोनपेक्षा जास्त निघतो. म्हणजे गाण्यांचा काहीही परिणाम होत नसता, तरी नुसत्या वाटणीच्या योगायोगानं शंभरातल्या तेरा वेळा एवढा फरक दिसला असता.

हे तेरा टक्के, म्हणजे ०.१३, हीच पी-व्हॅल्यू. तुम्ही ती हातानं काढलीत.

या पद्धतीला क्रमपरिवर्तन चाचणी म्हणतात. मी तिथूनच शिकवायला सुरुवात करतो, कारण तिच्यात काहीच लपलेलं नसतं. पाठ्यपुस्तकातली टी-टेस्ट याच प्रश्नाचं उत्तर सूत्रानं देते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं तिच्यामागचं गणित प्रसिद्ध केलं. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढताना किती सावध राहावं, हा त्यांचा रोजच्या कामातला प्रश्न होता, आणि मानसशास्त्रातला प्रश्नही नेमका तोच आहे. आपल्या आकड्यांवर टी-टेस्ट लावली तर तिचा आकडा, म्हणजे टी, येतो साधारण १.८५ आणि पी-व्हॅल्यू ०.०९ च्या आसपास. चिठ्ठ्यांच्या ०.१३ शी ती तंतोतंत जुळत नाही, कारण सूत्र काही गोष्टी गृहीत धरतं आणि इतक्या कमी माणसांत त्या गृहितांचा फरक जाणवतो.

आता प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी. या दोहोंतला गोंधळ मी प्रबंधांत, सादरीकरणांत, अगदी छापलेल्या आलेखांतही पाहिला आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू. प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, माणसांबद्दल सांगतं: गटातली माणसं आपल्या सरासरीपासून साधारण किती दूर पसरली आहेत. वरच्या दोन्ही गटांत ते सुमारे १.८७ शब्द आहे. प्रमाण त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर, सरासरीबद्दल सांगते: तशीच दुसरी सहा माणसं घेतली तर ही सरासरी साधारण किती हलेल. पहिल्याला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळानं भागलं की दुसरी मिळते. सहाशे माणसं घेतली म्हणून माणसं एकमेकांसारखी होत नाहीत, प्रमाण विचलन जवळपास तेवढंच राहतं. सरासरी मात्र स्थिरावते. आणि वर्गमूळ असल्यामुळे हलणं निम्मं करायला माणसं दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट लागतात. संशोधनाचा खर्च आणि वेळ या एका वर्गमूळावर ठरतो. आलेखातल्या खांबांवर उभ्या रेघा दिसल्या, की त्या दोहोंपैकी कशाच्या आहेत हे खाली लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलेलं नसेल तर त्या रेघांवरून काहीही ठरवू नका.

पी-व्हॅल्यूकडे परत येतो. ती ०.०५ च्या खाली आली तरच निकाल ‘सिग्निफिकंट’ मानायचा, असा रिवाज आहे. ही सीमा कुठून आली? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली. सोयीची, एवढंच. पुढे १९३३ मध्ये जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी दोन प्रकारच्या चुकांचा (नसलेला परिणाम दिसणं आणि असलेला न दिसणं) हिशोब मांडणारी वेगळी चौकट दिली. आज वर्गात शिकवली जाते ती या दोन विचारांची सरमिसळ. म्हणूनच बारकाईनं वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक कुठेतरी स्वतःशीच भांडतंय असं वाटतं. तसं वाटलं तर तुमचं वाचन नीट चाललं आहे.

पी-व्हॅल्यू म्हणजे ‘गाण्यांचा परिणाम होत नाही’ हे खरं असण्याची शक्यता नव्हे. परिणाम नाही असं धरून चाललो तर असा किंवा याहून टोकाचा डेटा किती वेळा दिसेल, एवढंच ती सांगते. ही दोन वाक्यं सारखी वाटत असतील तर असा विचार करा: पाऊस पडत असताना रस्ता ओला असण्याची शक्यता आणि रस्ता ओला दिसला असताना पाऊस पडला असण्याची शक्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्ता टँकरनंही ओला होतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली या एका विषयावर जाहीर निवेदन काढावं लागलं, इतका हा गैरसमज खोलवर आहे.

मराठीत शिकताना आणखी एक अडचण येते. ‘सिग्निफिकंट’ला आपण ‘सार्थक’ म्हणतो. ‘जन्म सार्थकी लागला’ म्हणणाऱ्या भाषेत ‘सार्थक फरक’ ऐकला की काहीतरी मोलाचं सापडल्याचा भास होतोच. प्रत्यक्षात तो शब्द एवढंच सांगतो, की इतका फरक निव्वळ योगायोगानं क्वचित येतो. फरक मोठा आहे का, उपयोगाचा आहे का, याचा त्यात पत्ता नसतो. मी विद्यार्थ्यांना ‘सार्थक’ नुसतं लिहू देत नाही. ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक’ असं पूर्ण लिहायला लावतो आणि त्याच वाक्यात फरक किती, तेही.

‘फरक किती’ याला इफेक्ट साईझ म्हणतात. आपल्या उदाहरणात दोन शब्दांच्या फरकाला १.८७ या प्रमाण विचलनानं भागलं की १.०७ येतं. हा कोहेनचा डी. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या प्रसिद्ध ठोकताळ्यानुसार ०.२ म्हणजे लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा. हे ठोकताळे नाइलाज असेल तरच वापरावेत असं खुद्द त्यांचंही मत होतं. आपल्या विषयात कोणता फरक मोठा, हे त्या विषयातल्या आधीच्या अभ्यासांवरून ठरवायचं असतं.

पण गंमत पाहा. १.०७ म्हणजे भलामोठा परिणाम, आणि तरी पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर! ‘मग फरक आहे की नाही?’ असं विद्यार्थी हमखास विचारतो. या प्रश्नाला विश्वास अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल), म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकेल याचा डेटाशी जुळणारा पट्टा, उत्तर देतं. दोन शब्दांच्या त्या फरकाचं ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ०.४ पासून अधिक ४.४ पर्यंत जातं. म्हणजे हा डेटा ‘गाण्यांनी किंचित फायदाच होतो’ याच्याशी जुळतो आणि ‘गाण्यांनी चार शब्द विसरायला होतात’ याच्याशीही. याला ‘फरक नाही’ म्हणणं चूक आहे. सहा-सहा माणसांत आपल्याला फारसं काही कळलेलं नाही, हे बरोबर. प्रबंधात ‘पी ०.०५ पेक्षा जास्त, म्हणून परिणाम होत नाही’ असं वाक्य सापडलं की मी तिथे लाल खूण करतो. वर्षानुवर्षं हीच खूण सगळ्यांत जास्त वेळा करावी लागते.

हाच प्रयोग बारा-बारा माणसांवर केला आणि आकडे अगदी तसेच, प्रत्येकी दोनदा, आले असं समजा. सरासरी तीच, फरक तोच. पी-व्हॅल्यू मात्र उतरून ०.०१ च्या जवळ येते. परिणाम वाढलेला नाही, माणसं वाढली आहेत. हे स्वतः सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा, कारण वाचून ते पटतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं.

यातून पुढचा विषय आपोआप येतो, आणि माझ्या मते मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच द्यावा: नमुना किती मोठा हवा. परिणाम खरोखर असेल तर तो पकडण्याची आपल्या अभ्यासाची शक्यता म्हणजे पॉवर. कोहेन यांनी १९६२ साली असामान्य व सामाजिक मानसशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकाचा वर्षभराचा अंक-संच तपासला. मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची त्या अभ्यासांची सरासरी शक्यता निम्म्याहून थोडी कमी निघाली. नाणं उडवण्यासारखंच. पॉवर ८० टक्के हवी, सीमा ०.०५ आणि परिणाम मध्यम, म्हणजे डी ०.५, असेल तर दोन गटांच्या तुलनेत प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. परिणाम मोठा, ०.८ असेल तर २६ पुरतात. लहान, ०.२ असेल तर प्रत्येक गटात ३९३. सहसंबंध (कोरिलेशन, म्हणजे दोन गोष्टी किती सोबतीनं बदलतात याचं माप) ०.३ च्या आसपास अपेक्षित असेल तर सुमारे ८५ माणसं. हे आकडे ओळखीचे झाले, की ‘प्रत्येक गटात तीस घेतले की झालं’ हा ऐकीव नियम किती पोकळ आहे ते दिसतं.

लहान नमुन्याचा दुसरा तोटा जास्त वाईट आहे, आणि तो फार कमी जणांना सांगितला जातो. आपल्या सहा-सहाच्या प्रयोगात, तेवढंच प्रमाण विचलन असताना, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जायला फरक २.४ शब्दांहून जास्त यावा लागतो. आता समजा सत्य असं आहे, की गाण्यांमुळे सरासरी एकच शब्द कमी आठवतो. वीस जणांनी असे वीस छोटे प्रयोग केले, तर बहुतेकांना ‘सार्थक’ काही मिळणार नाही आणि ते कागद फडताळात पडतील. ज्याला योगायोगानं अडीच-तीन शब्दांचा फरक मिळाला, त्याचाच लेख छापून येईल. म्हणजे छापलेला परिणाम खऱ्याच्या अडीच-तीन पट. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी वाचकापर्यंत खोटं पोहोचलं.

असं खरंच घडतं का? २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटानं मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थक होता. पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत. परिणामांचा सरासरी आकारही जवळजवळ निम्म्यावर आला. फेरअभ्यास फसण्यामागे इतरही कारणं असतात, हे मान्य. पण लहान नमुने आणि फक्त ‘सार्थक’ तेच छापण्याची सवय ही त्यांतली मोठी कारणं आहेत. २०११ मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांनी आणखी एक दाखवून दिलं: दोनपैकी सोयीचं मापन निवडणं, निकाल लागला नाही तर आणखी माणसं घेणं, एखादी स्थिती गाळणं, लिंगभेदाचा हिशोब जमेल तसा घालणं. प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी वाटते, पण चारही एकत्र आल्या की काही नसताना ‘सार्थक’ निघण्याची ५ टक्क्यांची चूक ६१ टक्क्यांवर जाते. याच मार्गांनी त्यांनी ‘एक गाणं ऐकल्यानं माणसांचं वय जवळजवळ दीड वर्षानं कमी होतं’ असा अशक्य निष्कर्ष ‘सिद्ध’ करून दाखवला. म्हणून आपलं गृहीतक, माणसांची संख्या, कोणाचा डेटा वगळणार आणि कोणती तुलना करणार हे डेटा गोळा करण्याआधी लिहून, तारखेसह जपून ठेवा. त्यासाठी ओपन सायन्स फ्रेमवर्कसारखी मोफत ठिकाणं आहेत. नंतर सुचलेल्या तुलना करू नयेत असं नाही. त्या नंतर सुचल्या आहेत असं लिहावं. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर कुठेच काही नसताना निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, हे लक्षात असू द्या.

आता तुमच्या तक्त्याकडे. टी-टेस्ट, अनोव्हा (दोन किंवा जास्त गटांच्या सरासऱ्यांची तुलना), सहसंबंध, रिग्रेशन (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज) ही वेगवेगळ्या खोक्यांत ठेवलेली हत्यारं वाटतात, पण ती एकाच कुटुंबातली आहेत. आपले बारा आकडे घ्या. टी-टेस्टचा टी १.८५. त्याच डेटावर अनोव्हा लावा: एफ ३.४३ येतो, म्हणजे १.८५ चा वर्ग, आणि पी-व्हॅल्यू तीच. आता गाण्यांच्या गटाला ० आणि शांततेच्या गटाला १ असा आकडा देऊन रिग्रेशन करा: सुरुवातीचा आकडा ११.५ (गाण्यांच्या गटाची सरासरी), उतार २ (दोन गटांतला फरक), पी-व्हॅल्यू पुन्हा तीच. हे तिन्ही निकाल एका पानावर शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यानंतर तक्त्याची धास्ती राहत नाही. ‘मला कोणता आकडा कशावरून सांगायचा आहे आणि माणसं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का’ एवढं कळलं की बरंचसं आपोआप ठरतं. एकच माणूस दोन्ही स्थितींत मोजला असेल तर ते आकडे स्वतंत्र नसतात. तिथे प्रत्येकाचा स्वतःशी फरक काढून त्या फरकांची सरासरी तपासायची. दोन गटांची पसरण वेगवेगळी असेल अशी शंका असेल तर वेल्श यांची टी-टेस्ट वापरा. मी तर दोन स्वतंत्र गटांसाठी नेहमी तीच वापरायला सांगतो, पसरण सारखी असली तरी तिच्यात तोटा नगण्य आहे.

सहसंबंधाबद्दल दोनच गोष्टी, पण महत्त्वाच्या. एक, आलेख काढल्याशिवाय सहसंबंध लिहू नका. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांत सरासऱ्या सारख्या, सहसंबंध ०.८२; पण चित्र काढलं की एकात सरळ कल, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एका बिंदूनं वाकवलेली रेघ, आणि चौथ्यात एकाच लांबच्या बिंदूच्या जिवावर उभा असलेला सहसंबंध. दोन, तीस माणसांतला सहसंबंध फार हलतो. तीस जणांत ०.३० आला तर त्याचं ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ०.०७ ते ०.६० एवढं पसरतं. तीनशे जणांत तेच ०.१९ ते ०.४०. पहिल्या बाबतीत सहसंबंध आहे की नाही इथूनच शंका.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या सर्वसाधारण पुस्तकात न मिळणारी एक गोष्ट वेगळी शिकावी लागते: मापन. उंची फूटपट्टीनं मोजता येते, चिंता प्रश्नावलीनं मोजावी लागते, आणि प्रश्नावली स्वतः डगमगते. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं, की मापन जितकं अविश्वसनीय तितका दिसणारा सहसंबंध खऱ्याहून कमी. दोन गुणांमधला खरा सहसंबंध ०.५ आहे आणि दोन्ही प्रश्नावल्यांची विश्वसनीयता (मापन किती स्थिर आहे याचं माप, ० ते १) ०.७ आहे, तर तुमच्या हाती साधारण ०.३५ च येईल. पॉवरचा हिशोब करताना हे विसरलं तर ठरवलेली माणसं कमी पडतात.

विश्वसनीयतेसाठी सगळे क्रोनबॅकचा अल्फा देतात, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न आपसात किती जुळतात याचं माप. तो जरूर द्या, पण अल्फा जास्त आहे म्हणून प्रश्नावली एकच गुण मोजते असं सिद्ध होत नाही. प्रश्न भरपूर घातले की अल्फा वाढतोच. अल्फा अगदी कमी किंवा चक्क ऋण आला तर घाबरण्याआधी उलट प्रश्न तपासा. ‘मला शांत वाटतं’ हा प्रश्न चिंतेच्या प्रश्नावलीत असेल तर त्याचे गुण उलटे करावे लागतात, १ चे ५ आणि ५ चे १. ‘माझा डेटा बिघडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी फाइल एवढ्या एका दुरुस्तीनं ठीक झाल्या आहेत. दुसरी नेहमीची चूक: न दिलेल्या उत्तराला कुणीतरी ९९ आकडा टाकलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो खरा समजून सरासरीत धरतं. म्हणून कोणतीही चाचणी लावण्याआधी प्रत्येक चलाचा किमान आकडा, कमाल आकडा आणि आलेख पाहायचाच. हा अर्धा तास कधीही वाया जात नाही.

समुपदेशन किंवा उपचारांवर काम करायचं असेल तर सरासरीकडे सरकणं ही कल्पना पक्की करा. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत ती दाखवली: फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं त्यांच्याएवढी नाहीत. माणूस मदत मागायला येतो तो बहुधा त्याच्या सगळ्यांत वाईट आठवड्यात. महिन्यानं त्याला पुन्हा मोजलं तर काहीही न करता गुण थोडे सुधारलेले दिसतात. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढीच मोजणी करून, तुलनेचा गट न घेता, ‘उपचारानं फरक पडला’ असं म्हणता येत नाही.

सॉफ्टवेअरवर मी फार वेळ घालवणार नाही. पहिल्या काही महिन्यांसाठी जामोव्ही किंवा जास्प घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि डेटा बदलला की निकाल समोर बदलताना दिसतो, शिकणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. संस्थेत एसपीएसएस असेल तर तेही चालेल. पुढे संशोधनातच राहायचं असेल तर आर (R) ही मोफत प्रोग्रॅमिंग भाषा शिका. आर अवघड आहे, पण आपण काय केलं याची ओळ न ओळ त्यात लिहिलेली राहते. सहा महिन्यांनी परीक्षकानं ‘हे तीन जण का वगळले?’ विचारलं, की ती ओळ दाखवता येते.

रोजचा सराव म्हणून एक सवय लावा. तुमच्या विषयातला एक लेख घ्या आणि फक्त निष्कर्षांचा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचा. माणसं किती, सरासऱ्या किती, प्रमाण विचलन किती, हे वेगळं लिहा आणि त्यावरून डी स्वतः काढा. साध्या टी-टेस्टपुढे कंसात ४८ लिहिलं असेल तर दोन स्वतंत्र गटांत मिळून ५० माणसं होती, कारण तिथे स्वातंत्र्यमात्रा म्हणजे माणसांची संख्या वजा दोन. पद्धतीच्या भागात ६० लिहिली असतील तर दहा जण कुठे गेले ते लेखात शोधा. असे पंधरा-वीस लेख झाले की सूत्रं न घोकता लक्षात राहू लागतात.

शेवटी, तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ होती: मार्गदर्शकांकडे किंवा संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडे कधी जायचं? डेटा गोळा करायच्या आधी. फिशर १९३८ मधल्या एका भाषणात म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुतेकदा त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणं. प्रयोग कशानं मेला, एवढंच तो सांगू शकेल. जाताना एक पान न्या: प्रश्न एका वाक्यात, कोणाची कोणाशी तुलना, काय आणि कशानं मोजणार, किती माणसं मिळू शकतात, आणि किती फरक आला तर तो तुमच्या मते महत्त्वाचा. असं पान घेऊन येणाऱ्याचं काम माझ्याकडे अर्ध्या तासात मार्गी लागतं. गोळा झालेली फाइल घेऊन येणाऱ्याबरोबर मी दोन-दोन दिवस बसलो आहे, आणि तरी कधीकधी त्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर देता आलेलं नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तो गट कधी घेतलेलाच नव्हता.